पंगतीतला वकील : अमेरिकी लॉ फर्मच्या 'समर प्रोग्रॅम'चा इतिहास आपल्या मुलांना काय शिकवतो?

कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. अमेरिकेतल्या मोठ्या लॉ फर्मचा 'समर प्रोग्रॅम' म्हणजे नेमके काय, आणि तिथे गेलेल्या विद्यार्थ्याने काय अपेक्षा ठेवावी? याची उत्तरे इंटरनेटवर पोत्याने सापडतात. कपडे कोणते घालावेत, ई-मेलला किती वेळात उत्तर द्यावे, पार्टीत किती प्यावे, सगळे लिहिलेले असते. त्या टेबलावर बसायला कोणाला किती वर्षे लागली आणि ती जागा कशी मिळाली, हे मात्र तिथे सापडत नाही. आंबेडकरी माणसाने पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत कायद्याची जेडी ही पदवी तीन वर्षांची असते आणि पहिली पदवी झाल्यावरच तिला प्रवेश मिळतो. दुसरे वर्ष संपले की येणाऱ्या उन्हाळ्यात मोठ्या फर्म या विद्यार्थ्यांना साधारण दहा आठवडे कामावर घेतात. त्यांना समर असोसिएट म्हणतात. पगार नव्या वकिलाच्या हिशेबाने मिळतो. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या वकिलाचा मूळ वार्षिक पगार २०२३ च्या अखेरीस २,२५,००० डॉलर झाला. त्या हिशेबाने समर असोसिएटच्या हातात आठवड्याला चार हजार डॉलरहून जास्त रक्कम पडते.

काम काय असते? एखाद्या मुद्द्यावर निकाल शोधून टिपण लिहिणे, कराराचा मसुदा तपासणे, कंपनी विकत घेण्याच्या व्यवहारात तिची कागदपत्रे चाळणे, गरीब पक्षकाराच्या मोफत खटल्यात मदत करणे. आपण कोणत्या कामाला किती वेळ दिला याची नोंद ठेवायला शिकवतात, कारण मोठ्या फर्म पक्षकाराला तासाचे बिल लावतात आणि बहुतेक ठिकाणी तासाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडतात. एक तरुण वकील आणि एक भागीदार मार्गदर्शक म्हणून नेमलेला असतो. मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा कामाचे मूल्यमापन होते. याच्या जोडीला दुपारची जेवणे, संध्याकाळचे कार्यक्रम, बेसबॉलचे सामने. शेवटच्या आठवड्यात फर्म सांगते, पदवीनंतर कायमच्या नोकरीला ये किंवा येऊ नको. चांगल्या काळात बहुतेकांना नोकरी देऊ केली जाते. पण २००९ च्या मंदीत हेच प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास खाली आले होते. म्हणजे हा दहा आठवडे चालणारा इंटरव्ह्यू आहे, आणि त्याचा बराचसा भाग जेवणाच्या टेबलावर होतो.

वकिलाला जेवणाच्या टेबलावर का पारखायचे? ही चाल अमेरिकेपेक्षा जुनी आहे. लंडनच्या इन्समध्ये बॅरिस्टर व्हायचे तर परीक्षा पुरत नसे, ठरावीक सत्रांत इनच्या भोजनगृहातल्या जेवणांना हजेरी लावावी लागे. ज्येष्ठांसोबत जेवून माणूस त्या धंद्याच्या बिरादरीत सामील होतो, अशी त्यामागची समजूत. बाबासाहेबांनीही ग्रेज इनचे हे नियम पाळले आणि १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईत परतले तेव्हा वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. सनद मिळाली, पण काम? मुंबईत बॅरिस्टरकडे खटले येत ते सॉलिसिटरच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर फिरकत नसत. घर चालवायला बाबासाहेबांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. लंडनच्या पंगतीत बसलेला हा माणूस मुंबईच्या पंगतीत अस्पृश्यच राहिला.

हे ध्यानात ठेवून अमेरिकेकडे पाहू.

एकोणिसाव्या शतकात तिथे बहुतेक वकील एखाद्या ज्येष्ठाच्या कचेरीत उमेदवारी करून तयार होत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या पॉल क्रॅव्हाथ यांनी नवी पद्धत बसवली. नामांकित कॉलेजांतले वरच्या क्रमांकाचे पदवीधर थेट घ्यायचे, त्यांना पगार द्यायचा, वेगवेगळ्या भागीदारांच्या हाताखाली फिरवून शिकवायचे आणि त्यांतूनच पुढचे भागीदार निवडायचे. इतर मोठ्या फर्मनी हीच पद्धत उचलली. आजचा समर प्रोग्रॅम तिच्याच पोटातून आला. तिचे ब्रीद होते गुणवत्ता. आता ही गुणवत्ता कोणाला लागू होती ते पाहा.

काळ्या वकिलांना अमेरिकन बार असोसिएशनचे दार व्यवहारात बंद होते. ते १९४३ मध्ये किलकिले झाले. म्हणून काळ्या वकिलांनी १९२५ मध्ये आयोवातल्या डे मॉइन येथे नॅशनल बार असोसिएशन ही आपली संघटना उभारली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी १९२९ पासून लॉ स्कूलचा कायापालट केला आणि दोन वर्षांत त्याला बार असोसिएशनची मान्यता मिळवली. १९३३ मध्ये तिथून पहिला आलेला थर्गुड मार्शल पुढे सर्वोच्च न्यायालयाचा पहिला काळा न्यायाधीश झाला. ह्यूस्टन यांना विद्यार्थी कुठल्या फर्मच्या कृपेवर सोडायचे नव्हते. वंशभेदाचा कायदा मोडायला लागणारे वकील ते स्वतःच्या कारखान्यात घडवत होते.

आता विल्यम कोलमन यांचे घ्या. हार्वर्ड लॉ स्कूलमधून ते १९४६ मध्ये वर्गात पहिले आले. १९४८ मध्ये न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचे क्लार्क झाले. सर्वोच्च न्यायालयात या पदावर येणारे ते पहिले काळे वकील. क्रॅव्हाथ पद्धतीच्या मोजपट्टीवर याहून वरचा उमेदवार सापडणे कठीण. तरीही त्यांच्या गावच्या, फिलाडेल्फियाच्या, मोठ्या फर्मनी त्यांना घेतले नाही. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॉल, वाइस या फर्मने घेतले आणि ते फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कला आगगाडीने ये-जा करत राहिले. आरक्षणाचे नाव निघाले की गुणवत्तेचा जप करणाऱ्यांना हा एक माणूस दाखवा. त्याच्यापाशी गुणवत्ता होती. मग दार कशाने बंद होते?

पॉली मरे या काळ्या महिलेचीही तीच गत. १९४४ मध्ये त्या हॉवर्डमधून पहिल्या आल्या. पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डने त्यांना नाकारले, कारण तिथे बायकांना प्रवेश नव्हता. वंशभेदाच्या 'जिम क्रो' कायद्यांच्या जोडीला बायकांवरच्या बंधनांना त्यांनी 'जेन क्रो' म्हटले. १९५६ मध्ये त्याच पॉल, वाइसने त्यांना असोसिएट म्हणून घेतले. दोन वर्षांनी, १९५८ च्या उन्हाळ्यात, त्याच फर्ममध्ये एक गोरी ज्यू विद्यार्थिनी समर असोसिएट म्हणून आली. तिचे नाव रूथ बेडर गिन्सबर्ग. काम चांगले झाले असे तिला वाटत होते, पण उन्हाळा संपल्यावर नोकरीचा निरोप आला नाही. पुढच्या वर्षी ती कोलंबियातून संयुक्तपणे पहिली आली, तरी न्यूयॉर्कच्या एकाही फर्मने तिला बोलावले नाही. १९९३ मध्ये हीच बाई सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाली.

एक चांगली फर्म, एक उदार भागीदार, एखाद-दुसरी जागा. सद्भावनेची मर्यादा ही अशी असते. ती एकाला आत घेते आणि आपले कर्तव्य झाले असे समजते.

याच काळात कायद्याच्या विद्यार्थ्यांचे आणखी एक प्रकारचे उन्हाळे चालू होते. जून १९६३ मध्ये येल लॉ स्कूलची एलेनॉर होम्स नावाची काळी विद्यार्थिनी मिसिसिपीत पोचली. पुढे ती एलेनॉर होम्स नॉर्टन म्हणून ओळखली गेली. जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स यांनी तिला आपले काम दाखवले आणि संध्याकाळी ग्रीनवुडच्या बसवर बसवून दिले. त्याच रात्री घरासमोर गोळी घालून एव्हर्स यांचा खून झाला. त्या वेळी मताधिकाराच्या कामात असलेल्या फॅनी लू हेमर आणि त्यांचे सहकारी वायनोना गावच्या तुरुंगात होते. पोलिसांनी त्यांना अमानुष मारहाण करवली होती. त्यांना सोडवायला गेलेल्या कार्यकर्त्यालाही आत टाकले होते. ही विद्यार्थिनी तिथे गेली आणि त्यांच्या सुटकेसाठी उभी राहिली. तिलाही उन्हाळ्यात 'कामाचा अनुभव' मिळाला. पगार नव्हता आणि जिवाची हमी नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, नागरी हक्क कायदा आला. त्याच्या सातव्या प्रकरणाने खासगी मालकालाही वंश, रंग, धर्म, लिंग किंवा राष्ट्रीय मूळ पाहून नोकरी नाकारायला बंदी केली आणि देखरेखीला समान रोजगार संधी आयोग स्थापन केला. १९७७ मध्ये त्या आयोगाच्या अध्यक्षपदी पहिली महिला बसली. ती हीच एलेनॉर होम्स नॉर्टन.

पण कायदा झाला म्हणून लॉ फर्म आपोआप सुधारल्या नाहीत. कायद्याची राखण करणाऱ्यांवरच कायदा लावायला विद्यार्थिनींना कोर्टात जावे लागले. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या कायद्याच्या विद्यार्थिनींनी बड्या फर्मविरुद्ध भरतीतल्या भेदभावाच्या तक्रारी केल्या. सुलिव्हन अँड क्रॉमवेल या फर्मविरुद्धचा खटला न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्यासमोर आला. मोटली या फेडरल न्यायालयातल्या पहिल्या काळ्या महिला न्यायाधीश. ज्या कोलंबियातून बाबासाहेबांनी १९१५ मध्ये एम.ए. केले, तिथूनच त्या १९४६ मध्ये कायद्याच्या पदवीधर झाल्या. विद्यार्थिदशेतच, १९४५ मध्ये, त्या थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली कामाला लागल्या होत्या.

१९७५ मध्ये फर्मच्या बाजूने मागणी आली, की मोटली यांनी हा खटला सोडावा. त्या स्वतः स्त्री आहेत आणि भेदभावाविरुद्ध लढलेल्या वकील आहेत. मोटली यांनी नकार दिला. वंश, लिंग किंवा पार्श्वभूमी एवढ्यावर न्यायाधीश बाजूला करायचा तर या न्यायालयातला एकही न्यायाधीश हा खटला ऐकू शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मित्रहो, हे आपल्यासाठी लिहून ठेवण्यासारखे आहे. गोऱ्या पुरुषालाही वंश आणि लिंग असते, तशी सवर्णालाही जात असते. आपल्याकडे जात फक्त आपलीच दिसते. त्यांच्या जातीला 'तटस्थता' हे नाव मिळालेले असते.

त्या खटल्यांमधून तडजोडी झाल्या. फर्मनी महिलांच्या भरतीची हमी दिली. आणखी एक अट तडजोडीत आली : ज्या क्लबात बायकांना मज्जाव आहे तिथे फर्मचे कार्यक्रम ठेवायचे नाहीत. नोकरीच्या खटल्यात जेवणाची जागा का यावी? कारण पंगतीतून उठवलेल्या माणसाला कचेरीत खुर्ची देऊन भागत नाही. धंद्यातली ओळख, काम आणि बढती त्या टेबलावर ठरत असते. महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

असे दार उघडले म्हणून १९८९ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या सिडली अँड ऑस्टिन फर्ममध्ये एक प्रसंग घडू शकला. हार्वर्डहून आलेला बराक ओबामा नावाचा समर असोसिएट, आणि त्याची मार्गदर्शक म्हणून नेमलेली तरुण वकील मिशेल रॉबिन्सन, शिकागो शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात काम करणाऱ्या कामगाराची मुलगी. लोक याला प्रेमकथा म्हणून सांगतात. मला त्यात कोलमन, मरे, नॉर्टन आणि मोटली यांची चाळीस वर्षांची मेहनत दिसते. पुढे मिशेल यांनी ती फर्म सोडून सार्वजनिक कामाची वाट धरली आणि बराक यांनी नागरी हक्कांचे खटले चालवणारी एक छोटी फर्म निवडली, हेही विसरू नका.

आणि आता उलटा प्रवाह. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याला मनाई केली. दोनच महिन्यांत पर्किन्स कुई आणि मॉरिसन फॉर्स्टर या फर्मवर दावे झाले. कशासाठी? वंचित गटांतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी काम आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या योजनांसाठी. फर्मनी त्या योजना सर्वांना खुल्या केल्या आणि दावे मागे घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये समान रोजगार संधी आयोगाने वीस मोठ्या फर्मना पत्रे पाठवून त्यांच्या विविधता धोरणांचा हिशेब मागितला. नॉर्टन यांनी जो आयोग चालवला, तोच हा आयोग. त्याच महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश पॉल, वाइसवर आला. कोलमन आणि मरे यांना घेणाऱ्या या फर्मने ४ कोटी डॉलर किमतीची मोफत कायदेसेवा देण्याचे कबूल करून तडजोड केली. पर्किन्स कुई आणि आणखी तीन फर्म मात्र कोर्टात गेल्या, आणि फेडरल जिल्हा न्यायालयांनी त्यांच्याविरुद्धचे आदेश घटनाबाह्य ठरवले.

म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षांची पुण्याई एका आठवड्यात वाटाघाटीला येऊ शकते. आपल्यावर कोणी केलेले उपकार हे त्याच्या सोयीपुरते टिकतात. लढून लिहून घेतलेला हक्कसुद्धा राखावा लागतो, पण निदान तो घेऊन कोर्टात उभे राहता येते. बाबासाहेबांनी मागितले ते हक्क आणि संरक्षण, कोणाची दया नव्हे, याचे कारण इथे आहे.

आपल्याकडे परिस्थिती काय आहे? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. पण ती मिळवून देण्याची जबाबदारी कोणावर आहे? मुंबईत चार आठवडे राहण्याचा खर्च बीड-परभणीच्या वसतिगृहातल्या मुलाने कुठून आणायचा? आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीला एका कार्यालयात आधी आडनाव विचारले, मग गाव, मग "कोणाच्या ओळखीने आलात?" तिचे गुणपत्रक शेवटपर्यंत कोणी उघडले नाही. खासगी भरतीत आरक्षण नाही. अमेरिकेच्या सातव्या प्रकरणासारखा, खासगी मालकाच्या भरतीतला जातिभेद तपासणारा सर्वंकष कायदा आणि आयोगही आपल्याकडे नाही. ही मागणी आपल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पुढे न्यायला हवी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समर प्रोग्रॅमकडून काय अपेक्षा ठेवावी?

चांगल्या पगाराची, शिस्तीच्या कामाची आणि नेमक्या लेखनाच्या शिक्षणाची अपेक्षा जरूर ठेवा. दिलेले काम नीट समजले नाही तर लगेच विचारा. गप्प बसून चुकीचे टिपण देणे जास्त महागात पडते. जेवणाला नम्रपणे पण मान वर करून बसा. कोणता चमचा कुठल्या हातात, यावरून कोणाची लायकी ठरत नाही, आणि ते शिकायला एक दिवस पुरतो. तुमचे मूल्यमापन भागीदार करतात, पण सेक्रेटरीशी आणि टपाल आणणाऱ्या माणसाशी तुम्ही कसे वागता हेही पाहिले जाते. आपल्याला ते वेगळे शिकावे लागू नये. कामाची, अभिप्रायाची, तारखांची नोंद स्वतःजवळ ठेवा. अन्याय झाला तर आठवण नाही, कागद बोलतो.

एक व्यावहारिक गोष्ट. हे कार्यक्रम मुख्यतः जेडीच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन एका वर्षाच्या एलएलएमला जाणाऱ्यांनी हा रस्ता आपोआप मिळेल असे धरून चालू नये. त्यांच्या भरतीची वाट वेगळी असते. दुसरी गोष्ट वेळेची. भरतीचे वेळापत्रक बांधून देणारी मार्गदर्शक तत्त्वे तिथल्या नॅशनल असोसिएशन फॉर लॉ प्लेसमेंटने २०१८ मध्ये मागे घेतली, आणि तेव्हापासून फर्म अधिकाधिक लवकर, कधी पहिल्या वर्षातच, विद्यार्थी हेरू लागल्या आहेत. ज्याच्या घरात वकील आहे त्याला हे आधी कळते. आपल्या घरात वकील नाही, म्हणून आपल्याला संघटना लागते. आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याला तारखा, पत्ते आणि अनुभव कळवायचे, एवढे तरी आपण आजपासून करू शकतो.

न्यायाची अपेक्षा मात्र कुठल्याही फर्मकडून ठेवू नका. ती जागा तिची नाही. १९२६ मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकर यांच्या बाजूने उभे राहून बाबासाहेबांनी खटला जिंकला, तेव्हा त्यांच्यामागे कोणती बडी सॉलिसिटर फर्म नव्हती. कायदा पाठ होता आणि समाज पाठीशी होता. मोठ्या फर्ममध्ये जा, तिथली विद्या घ्या, पगार घ्या, त्यातला वाटा समाजाला द्या. आणि टेबलावर बसल्यावर शेजारची रिकामी खुर्ची कोणाची आहे, हे विचारायला विसरू नका.

जय भीम!